गैरसोयीचे संशोधन

पावसाळा ओसरू लागला की महाविद्यालयांतून संशोधन-प्रकल्पांचे वारे वाहू लागतात. विद्यापीठाची स्पर्धा जवळ आलेली असते, मूल्यांकन समितीपुढे मांडण्यासाठी आकडे हवे असतात, आणि विद्यार्थ्यांना प्रमाणपत्राची ओढ असते. आमच्या महाविद्यालयातील विषयनिवड समितीवर यंदा प्रस्तुत लेखकाची नेमणूक झाली होती. समितीपुढे आलेले बहुतेक विषय दरवर्षीच्या ओळखीचे होते. महिला बचत गट होते, पर्यटनाच्या संधी होत्या, ग्रामीण ग्राहकांची आवडनिवड होती. चार अर्ज मात्र वेगळे निघाले. प्राणिशास्त्राच्या दोन मुलांना शहराच्या कडेला वावरणाऱ्या बिबट्यांविषयी आसपासच्या वस्त्यांतील लोकांशी बोलायचे होते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका मुलीला औषधदुकानांतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविके कितपत सहज मिळतात, हे पाहायचे होते. मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने वसतिगृहातील मुलामुलींच्या मनःस्वास्थ्याची पाहणी करण्याची परवानगी मागितली होती. राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला याच महाविद्यालयातील विद्यार्थी चळवळींचा गेल्या पन्नास वर्षांचा वृत्तान्त गोळा करावयाचा होता.

बिबट्यांचा विषय चर्चेवाचून मंजूर झाला. औषधदुकानांचा विषय दुरुस्तीसह मंजूर झाला. ती दुरुस्ती अशी की, दुकानांत जायचे नाही आणि मथळा ‘ग्राहकांमधील जागरूकता’ असा करायचा. वसतिगृहाची पाहणी ‘योग्य वेळी’ विचारात घेण्याचे ठरले, कारण त्यातून महाविद्यालयाची विनाकारण बदनामी होईल, असे एका सदस्याने सांगितले. विद्यार्थी चळवळीचा विषय संवेदनशील म्हणून नामंजूर झाला. समितीत कोणी दुष्ट माणूस नव्हता. सगळे सज्जन, कामसू आणि निवृत्तीला पाचदहा वर्षे उरलेले. इतिवृत्तावर माझीही सही आहे, आणि बैठकीत मी एक शब्दही बोललो नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे जे लिहिले आहे ते बैठकीत बोलायला हवे होते.

आमच्या शास्त्रात ज्ञानाला सार्वजनिक वस्तू म्हणतात. एकाने वापरले म्हणून ते दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि ज्याने त्यासाठी मोल दिले नाही त्याला त्यापासून दूर ठेवणेही कठीण असते. म्हणून बाजारपेठ ते पुरेसे निर्माण करीत नाही आणि समाजाने त्याचा खर्च उचलावा लागतो. हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. परंतु या सिद्धान्तात एक भेद बहुधा सांगायचा राहून जातो. चांगल्या बातमीला कोणी ना कोणी गिऱ्हाईक मिळते. नव्या बियाण्याचे उत्पन्न वाढले, तर कंपनी आनंदाने पैसे देते. पण चालू उपाय चुकीचा आहे, चालू व्यवहार घातक आहे, किंवा आपल्याच घरात कोणी दुःखात आहे, असे सांगणाऱ्या ज्ञानाला गिऱ्हाईक नसते. ज्याने ते विकत घ्यावे, त्याचीच त्याने अडचण होते.

समितीला सर्वांत निरुपद्रवी वाटलेला बिबट्यांचा विषयच घ्या. जुन्नर भागात धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि त्या उसात बिबटे राहू लागले. शेळ्या, कुत्री, वासरे यांवर ते जगू लागले. २००१ च्या सुमारास जनावरांवरील हल्ले वाढल्यावर वनखात्याने कोणालाही सुचेल तोच उपाय केला. पिंजरे लावले, बिबटे पकडले, आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपायाचा हिशेब मांडला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. असे २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले होते. १९९३ ते २००१ या काळात त्या भागात माणसांवर दरसाल सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ती सरासरी १७ वर गेली, आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण शेकडा १८ वरून ३६ झाले. शिवाय जेथे बिबटे सोडले होते, तेथेही माणसांवर हल्ले झाले. उपायाच्याच मागोमाग रोग वाढला होता.

हा निष्कर्ष वनखात्याला गोड लागण्यासारखा नव्हता. तरीही काही अधिकाऱ्यांनी तो मनावर घेतला, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. मुंबईत २००४ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती बिबट्यांनी एकामागून एक बळी घेतले होते. तेथे २०११ मध्ये खात्यानेच नागरिक आणि अभ्यासक यांना बरोबर घेऊन काम सुरू केले. दिसला बिबट्या की लाव पिंजरा, ही रीत आवरती घेतली गेली. कचरा, भटकी कुत्री, अंधार, उघड्यावरचे प्रातर्विधी यांकडे लक्ष वळले. २०१८ मध्ये एका अभ्यासाने तर असेही सुचविले की, हे बिबटे भटकी कुत्री खात असल्यामुळे कुत्र्यांचे चावे आणि रेबीज कमी होऊन, काही गृहीतके धरली तर, वर्षाला ९० पर्यंत माणसांचे प्राण वाचत असावेत. (‘काही गृहीतके धरली तर’ हे शब्द वाचून अर्थशास्त्राच्या माणसाला आपल्याच बिरादरीतला कोणी भेटल्यासारखे वाटते.) अर्थात उद्यानाजवळच्या इमारतीत बसून हे वाचणे आणि उसाच्या कडेला घर असताना हे वाचणे यांत फरक आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात लहान मुले आणि एक वृद्धा बळी पडल्यावर लोक रस्त्यावर उतरले, त्यांना आकडेवारीचे पुस्तक दाखवणे क्रूरपणाचे होईल. पण ‘येथून उचला आणि दूर सोडा’ या मागणीपुढे जुन्नरचा तो हिशेब ठेवणेही आवश्यक आहे. दूर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात.

आता दुसऱ्या विषयाकडे येऊ. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू हा विषय डॉक्टरांचा, असे आपण समजतो. वस्तुतः तो तितकाच अर्थशास्त्राचा आहे. औषधाने बहुतेक जंतू मरतात, पण ज्यांच्या अंगी काही कारणाने प्रतिकाराचे सामर्थ्य असते ते उरतात, वाढतात, आणि ते सामर्थ्य इतर जातींच्या जंतूंनाही देऊ शकतात. म्हणजे प्रतिजैविकाची प्रत्येक गोळी, आवश्यक असो वा अनावश्यक, त्या औषधाच्या गुणातला किंचित अंश सर्वांच्या वतीने खर्च करीत असते. दुकानात जी किंमत मोजली जाते तीत हा खर्च धरलेला नसतो. गावाच्या गायरानात प्रत्येकाने आपले एकेक जनावर अधिक सोडावे आणि अखेर गवताची काडी उरू नये, तशातला हा प्रकार आहे. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच हा धोका बोलून दाखवला होता. कोणालाही दुकानातून पेनिसिलीन विकत घेता येईल आणि अजाणतेपणी कमी मात्रा घेऊन माणसे जंतूंनाच तरबेज करतील, अशी भीती त्यांना वाटत होती. पुढे दहा वर्षांच्या आत आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशी पेनिसिलीन निघू लागले, याचा आपल्याला योग्य अभिमान वाटला. त्या औषधाने लक्षावधी जीव वाचले आहेत. पण औषध मुबलक करण्याची जेवढी घाई आपण केली, तेवढी ते जपण्याची केली नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईतच मिळतो, आणि तो मिळवायला फारसा खर्चही आला नाही. १९९१ मध्ये धारावीतील शंभर खासगी डॉक्टरांना विचारण्यात आले की, क्षयाच्या रोग्याला तुम्ही कोणती औषधे लिहून द्याल. शंभर डॉक्टरांनी ऐंशी निरनिराळे औषधक्रम लिहिले. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६३ औषधक्रम निघाले, आणि बिनचूक चिठ्ठी लिहिणारे अवघे सहा. दोन्ही वेळा साधन काय होते, तर एक प्रश्नपत्रिका आणि पायपीट. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीला नेमके हेच करायचे होते, आणि आम्ही तिला ग्राहकांची जागरूकता मोजायला पाठविले आहे.

याच डॉ. उदवाडियांनी २०११ च्या अखेरीस, उपलब्ध असलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी मुंबईत आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर वाद झाला तो मुख्यतः नावाचा. ‘पूर्णतः औषधरोधक’ ही संज्ञा मान्यताप्राप्त नाही, असे सरकारी वर्तुळातून सांगण्यात आले. संज्ञेपुरते ते खरेही होते. पण संज्ञा मागे घेतल्याने रोग्याच्या छातीतले जंतू मागे फिरत नाहीत.

नावाचा असाच तंटा त्याआधी वर्षभर गाजला होता. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रोग्याच्या शरीरात २००८ मध्ये एक जंतू सापडला. अगदी शेवटच्या फळीतील कार्बापेनेम गटाची औषधेही निकामी करणारे विकर तो जंतू तयार करीत होता. त्या विकराला ‘न्यू दिल्ली’ हे नाव देण्यात आले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ गटाच्या नियतकालिकात त्याच्या प्रसाराविषयीचा अभ्यास आला, तेव्हा एकच गदारोळ उडाला. भारताच्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध हा कट आहे, असे म्हटले गेले. शहराचे नाव देणे अनुचित होते, याबद्दल ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी पुढे २०११ मध्ये दिलगिरीही व्यक्त केली. गावाच्या नावाने रोग ओळखला जाणे कोणालाच आवडत नाही, आणि त्या आक्षेपात तथ्य होते. परंतु या गदारोळात दोन गोष्टी झाकल्या गेल्या. ‘परदेशी’ म्हणून ज्या अभ्यासावर टीका झाली, त्याचे पहिले लेखक मद्रास विद्यापीठाचे संशोधक होते. आणि त्याच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात लिहिले होते की, तेथे तीन महिन्यांत आढळलेल्या २४ कार्बापेनेमरोधक जंतूंपैकी २२ मध्ये हे विकर आहे. त्या निबंधाने कोणाचा अभिमान दुखावला नाही, कारण तज्ज्ञांपलीकडे तो फारसा कोणी वाचलाच नव्हता.

पुढे एप्रिल २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास आला. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये, आणि रस्त्याकडेला साचलेल्या वा झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत त्या विकराचे जनुक सापडले. म्हणजे प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीत उरला नव्हता. यथाकाल सरकारची पावले पडलीही. मार्च २०१४ पासून क्षयावरील औषधे आणि वरच्या फळीतील कित्येक प्रतिजैविके यांच्यासाठी औषधविक्रेत्याने निराळी नोंदवही ठेवावी, तीत डॉक्टर आणि रोगी यांची नावे लिहावीत, असा नियम अमलात आला. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा झाला. नियम चांगला आहे. तो किती दुकानांत पाळला जातो हे कोणीतरी जाऊन पाहिल्याखेरीज कळणार नाही.

तथापि या प्रश्नात सगळा दोष औषधविक्रेत्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रोजंदारीवरच्या माणसाला ताप आला तर त्याच्यापुढे हिशेब असा असतो: डॉक्टरची फी, तपासणीचा खर्च आणि बुडालेली मजुरी एका बाजूला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या चार गोळ्या दुसऱ्या बाजूला. तो चार गोळ्या घेतो, आणि दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या जपून ठेवतो. त्याच्या परिस्थितीत हे अडाणीपणाचे नाही. ते काटकसरीचे आहे. ज्या गावात डॉक्टरच नाही तेथे कडक नियमाने प्रतिजैविक बंद केले, तर न्यूमोनियाचे मूल औषधावाचून दगावेल. दुसऱ्या टोकाला औषध कंपन्यांचे गणितही असेच आहे. नवे प्रतिजैविक जितके प्रभावी, तितके ते राखून, क्वचित वापरायला हवे, आणि जे क्वचित खपते त्यातून शोधाचा खर्च निघत नाही. अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. म्हणूनच ब्रिटनच्या सरकारने या प्रश्नाचा अभ्यास २०१४ मध्ये जिम ओनील या अर्थतज्ज्ञाकडे सोपविला होता, यात नवल नाही. २०५० पर्यंत दरसाल एक कोटी मृत्यू होतील, हा त्या समितीचा अंदाज पुष्कळांनी फुगवलेला ठरविला. तो तसा असेलही. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मोजणीनुसार, औषधरोधक जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात थेट ओढवलेले मृत्यूच सुमारे १२ लाख ७० हजार होते.

वसतिगृहाच्या पाहणीविषयी लिहिताना मात्र आकडे देताना हात अडखळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, १,७६४. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली आणि निरनिराळ्या मनोविकारांत शेकडा ७० ते ९२ रोगी उपचारावाचून असल्याचे दाखविले. ही पाहणी बारा राज्यांत झाली, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या प्रश्नावर राष्ट्रीय कृती दल नेमले आणि जुलैमध्ये, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. आमच्याकडे त्यानुसार एका खोलीवर पाटी लागली आहे. त्या खोलीत कोण जाते, कोण जात नाही आणि का जात नाही, हे त्या मुलीला विचारायचे होते. अशी पाहणी जपून करावी लागते, नावे गुप्त ठेवावी लागतात, विचारताना एखादे मूल कोसळले तर त्याला आधार देणारे जाणते माणूस जवळ लागते. समितीने या अटी घातल्या असत्या तर ते योग्यच झाले असते. आम्ही अटी घातल्या नाहीत. आम्ही बदनामीचा विचार केला.

चौथ्या विषयावर मात्र माझे मत समितीतील बहुतेकांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे. निवडणुकांतील हिंसाचारामुळे महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या आरंभी महाविद्यालयीन थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, तरी प्रत्यक्षात त्या लांबणीवर पडत गेल्या. ज्यांनी त्या काळची दंडेली पाहिली आहे, त्यांची धास्ती खोटी नाही. पण चळवळ करणे निराळे आणि चळवळीचा अभ्यास करणे निराळे. फिलिप आल्टबाख या अमेरिकन अभ्यासकाने मुंबईच्या विद्यार्थी राजकारणाचा अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच मुलांनी आपल्याच महाविद्यालयाचा असा अभ्यास करण्यात इतके भयंकर काय आहे?

अर्थशास्त्राच्या माणसाला तर १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विसरताच येत नाही. ते विद्यार्थ्यांनी सुरू केले होते. नोकऱ्या, सिंचन, रेल्वे, उद्योग यांत आमचा प्रदेश मागे ठेवला गेला आहे, असे ती मुले ओरडून सांगत होती. त्यांच्याजवळ तक्ते नव्हते. १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये खात्यागणिक, जिल्ह्यागणिक हिशेब करून महाराष्ट्रातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा असल्याचे मांडले. समितीच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण रस्त्यावरची तक्रार पोकळ नव्हती, हे त्यातून सिद्ध झाले. पहिल्या घोषणेपासून ते पहिल्या तक्त्यापर्यंत दहा वर्षे गेली. त्या दहा वर्षांत मराठवाड्यातील एक पिढी शाळेत जाऊन, शिकून, पुण्या-मुंबईची वाट धरून निघूनही गेली होती.

राज्यशास्त्राचा तो विद्यार्थी परवा भेटला. परवानगी नसली तरी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली ग्रंथालयात कोणालाही पाहता येतात ना, सर, एवढेच त्याने विचारले. येतात, असे मी सांगितले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीने नवा मथळा स्वीकारून प्रश्नावली छापूनही आणली आहे. वसतिगृहाच्या पाहणीचा अर्ज कार्यालयातून मागवून घेऊन मी पुन्हा वाचला. तीन पानांचा आहे, आणि नावे कशी गुप्त ठेवायची, प्रश्न कोणते टाळायचे, समुपदेशक केव्हा जवळ असावा, हे सर्व त्या मुलीने पहिल्यांदाच लिहून दिलेले आहे. बैठकीत ते पान कोणी उलटले नव्हते. त्या अर्जावर शिफारशीची सही करून मी तो परत पाठविला आहे. समितीची पुढची बैठक मंगळवारी आहे.